अंगठा उठत नाही: सिंधुदुर्गातल्या एका तरुण कार्यकर्तीचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावचं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकरणाच्या मध्यभागी आहे चोविशीतली एक मुलगी. समाजकामात येऊ पाहणाऱ्या तरुणांची प्रशिक्षणं घेण्याचं काम मी करतो, त्यातून तिची ओळख झाली आणि पुढे तिच्या कामाचे कागद वेळोवेळी माझ्या हाताखालून गेले.

गरिबीवर काम करायचंय म्हणून येणाऱ्या मुलामुलींपैकी बरीच जण वर्षा-दीड वर्षात दुसरीकडे वळतात. त्यांच्यात तळमळ कमी असते असं मला कधीच वाटलेलं नाही. त्यांच्या हाती एखादं काम शेवटापर्यंत न्यायला दिलंच जात नाही, आणि ज्या काळात ते काम शिकायचं त्या काळात घरी पैसे जात नाहीत. या मुलीच्या बाबतीत या दोन्ही अडचणींवर अर्धामुर्धा का होईना मार्ग निघाला. कसा निघाला ते नीट लिहून ठेवण्यासारखं आहे.

घर, कॉलेज, ग्रामपंचायत

वडील रापणीच्या संघात. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, मासळी लागली तर वाटा, नाही लागली तर रिकाम्या हाताने घरी. आई काजू कारखान्यात गर काढते. थोरला भाऊ गोव्यात औषध कंपनीत आहे. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली तरुण पोरं अशीच रोज पहाटे गोव्याच्या बसमध्ये चढतात आणि रात्री उतरतात. मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली. ‘आता एक तर गोवा, नाही तर मुंबई,’ असं घरी धरूनच चाललेलं होतं.

कॉलेजात ती राष्ट्रीय सेवा योजनेत होती. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून वहाळावर वनराई बंधारा घातला, किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक गोळा केलं, शाळेची भिंत रंगवली. हे सगळं चांगलंच आहे. घाम गाळायची सवय लागते, चार गावच्या पोरांची ओळख होते. पण शिबिर संपलं की मुलं घरी जातात आणि गाव होतं तिथेच राहतं. एखाद्या माणसाची अडचण महिनोन् महिने आपल्या डोक्यात घर करून बसते म्हणजे काय, हे शिबिरात कळत नाही. तो त्या योजनेचा दोष नाही. सात दिवसांत ते होणारच नाही.

2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना 8 हजार, पदवीधरांना 10 हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने. ती गावच्याच ग्रामपंचायतीत लागली. दाखले टंकायचे, घरपट्टीच्या नोंदी चढवायच्या, ग्रामसभेची नोटीस लावायची. या कामात सेवा कुठे आहे, असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी तिला तिथेच राहायला सांगितलं, कारण गावातली गरिबी शेवटी कुठल्या ना कुठल्या टेबलावर कागदाच्या रूपाने येते, आणि ते टेबल तिच्यासमोर होतं.

कणकवलीच्या बाजूला आलं की मी मुलांना आप्पासाहेब पटवर्धनांविषयी सांगतो. कोकणचे गांधी म्हणून त्यांची ओळख आहे, कणकवलीचा गोपुरी आश्रम त्यांचा. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचं काम स्वतःला मिळावं म्हणून हट्ट धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं. एवढा मोठा माणूस, पण अस्पृश्यतेवर भाषण करण्याआधी त्याने एक विशिष्ट काम मागून घेतलं. मुलांना हे ऐकायला आवडतं. त्याचा अर्थ मात्र त्यांना काम हाती आल्यावरच लागतो.

काजूच्या हंगामात काय होतं

मार्च ते मे या काळात गावातल्या बायकांचे हात बघावेत. ओल्या काजूचा चीक असो की कारखान्यातल्या वाफवलेल्या बीचं तेल, दोन्ही कातडीला जाळतं. टरफलात काळपट चिकट तेल असतं, त्यात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही जळजळीत द्रव्यं असतात. बी कापायची, सुईने गर अख्खा बाहेर काढायचा, की पुढची बी. बोटांना राख लावतात, खोबरेल लावतात. हातमोजे दिले तरी बायका ते काढून ठेवतात, कारण मजुरी किलोवर असते आणि मोज्यात हात चालत नाही. हंगामाच्या शेवटी बोटांची टोकं गुळगुळीत, लालसर, मधूनच पापुद्रे निघालेली अशी होतात. रेषा दिसतच नाहीत.

रेशन दुकानातल्या यंत्राला नेमक्या त्याच रेषा हव्या असतात.

मुलीच्या लक्षात हे आईमुळे आलं नाही; आईचं जमत होतं. आलं ते शेजारच्या काकीमुळे. काकी एकटी राहते. एप्रिलमध्ये ती ग्रामपंचायतीत आली आणि म्हणाली, “माझो अंगठो उठना नाय गो चेडवा. मशीन म्हणता मी नाय म्हणान.” (चेडवा म्हणजे पोरी; यंत्र म्हणतं ही मी नव्हेच.) दोन महिने धान्य मिळालं नव्हतं. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने पदराने अंगठा पुसायला लावला, पाणी लावून बघितलं, दुकानाच्या आवारात रेंज मिळेना म्हणून यंत्र घेऊन सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या माळापर्यंत गेला. पण ठसा जुळला नाही तर पावती निघत नाही, आणि पावती निघाल्याशिवाय धान्य दिलं तर साठ्याचा हिशेब त्याच्या अंगावर येतो.

मुलीने आजूबाजूला विचारलं तशा आणखी बायका निघाल्या. काही काजूवाल्या, काही खडकावरची कालवं फोडणाऱ्या, एक-दोघी नुसत्या म्हाताऱ्या. सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती, आणि ती या प्रकरणाचा खरा गाभा आहे. कार्डावरच्या कुणाही एकाचा ठसा जुळला तरी त्या कार्डाचं धान्य मिळतं. देशावरच्या गावात सासूचा नाही जुळला तर सुनेचा जुळतो. इथे कार्डावर पाच नावं असतात आणि गावात एकच माणूस असतं. बाकीची चार नालासोपाऱ्यात, दिव्यात, म्हापशात. मोबाइलवर ओटीपी मागवण्याची सोय आहे, पण आधारला जोडलेला नंबर झिलाचा, म्हणजे मुलाचा. तो कामावर असताना फोन उचलत नाही, उचलला तोपर्यंत ओटीपी बाद. ज्याने कुणी ही व्यवस्था आखली त्याच्या डोळ्यांसमोर चाकरमान्यांचं गाव नव्हतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

निवेदन

तिने पहिलं केलं ते सगळे करतात तेच. एक सामूहिक निवेदन लिहिलं, खाली बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, सगळ्यांना टेम्पोत घालून तालुक्याच्या तहसील कार्यालयात नेलं. साहेबांनी निवेदन स्वीकारलं, फोटो निघाला, स्थानिक पेपरात बातमी आली. गावात तिचं नाव झालं. धान्य मात्र कुणालाच मिळालं नाही.

या टप्प्यावर पुष्कळ तरुण थांबतात किंवा आंदोलनाची भाषा बोलू लागतात. मला तिचं कौतुक वाटतं ते इथे. ती परत पुरवठा शाखेत, म्हणजे तहसीलच्या रेशनचं काम बघणाऱ्या शाखेत गेली आणि तिथल्या कारकुनाला तिने विचारलं, ‘या निवेदनावर तुम्ही नेमकं काय करू शकता?’ त्याने सरळ सांगितलं, ‘काही नाही.’ प्रत्येकीची अडचण निराळी, कार्ड निराळं, एकाच कागदावर त्याला कुठलीच कारवाई करता येत नव्हती. माणूस खरं बोलला, आणि पुढे तिला सर्वांत जास्त मदतही त्यानेच केली.

एकेकीचा कागद

मग तिने एक दुरेघी वही घातली. प्रत्येक बाईला एक पान. कार्ड कुठलं, अंत्योदयचं, म्हणजे सर्वांत गरिबांसाठीचं, की प्राधान्य कुटुंबाचं. म्हणजे महिन्याला कार्डामागे 35 किलो की माणशी 5 किलो. कार्डावर कोण कोण, त्यातलं गावात कोण. आधारला नंबर कुणाचा. कोणकोणती बोटं लावून बघितली.

या शेवटच्या रकान्यातून पहिली वाट निघाली. दुकानदार आणि बायका दोघंही अंगठ्यालाच धरून बसले होते. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यातलं कुठलंही चालतं. एका दुपारी ती दुकानात काकीला घेऊन बसली आणि एकेक बोट लावत गेली. उजव्या हाताचं एकही जुळलं नाही. डाव्या हाताची अनामिका जुळली. गर काढताना त्या बोटाला तेल सर्वांत कमी लागतं. पावती निघाली. काकीला अनामिकेचं काही विशेष वाटलं नाही, तिने पिशवी पुढे केली. मुलीने मात्र वहीत त्या बोटाभोवती गोल केला आणि आणखी काहीजणींचं काम त्याच रीतीने झालं.

ज्यांचं एकही बोट जुळेना त्यांच्यासाठी तिला नियम शोधावा लागला. केंद्राच्या अन्न विभागाने आणि आधार प्राधिकरणाने 24 ऑक्टोबर 2017 रोजीच लेखी सूचना काढल्या आहेत: ठसा जुळला नाही किंवा यंत्र चाललं नाही एवढ्या कारणाने हक्काचं धान्य नाकारायचं नाही, इतर मार्गांनी ओळख पटवून द्यायचं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायची. दुकानदाराने ही सूचना पाहिलेली नव्हती. तिने मराठीत त्याचा अर्धं पान सारांश केला, मूळ प्रत जोडली आणि प्रत्येकीचा स्वतंत्र अर्ज पुरवठा शाखेत दिला, प्रत्येकावर आवक क्रमांकाची पोच घेतली. पोच देताना कुरकूर झाली. ती उभी राहिली. थकलेल्या कार्डधारकाच्या वतीने अंगठा देणारी व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, नेमता येते. दोघींसाठी तसे अर्ज केले. काहींचे आधारमधले ठसे नव्याने घ्यायला नेलं, पण ते जुलैत, कातडी भरून आल्यावर. हंगामात नेलं असतं तर खराब ठसेच नोंदले गेले असते. ही अक्कल कुठल्या परिपत्रकात नाही. ती काजू काढणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या मुलीलाच असू शकते.

याच सुमारास घाईचं एक कारण आलं. 2025 च्या पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन महिन्यांचं धान्य एकदम वाटायचं ठरलं. पाऊसही त्या वर्षी 25 मेलाच तळकोकणात उतरला. एरवी ठसा चुकला तर एका महिन्याचं जातं. आता तीन महिन्यांचं जाणार होतं. तिने रेशन दुकानावर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या दक्षता समितीची बैठक लावून घेतली. समिती कायद्याप्रमाणे असायलाच हवी, पण ती कागदावरच होती, सदस्यांपैकी एकाला आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हतं. बैठकीत दुकानदाराला सगळ्यांसमोर लिहून मिळालं की अडलेल्या कार्डांची नोंद वेगळ्या वहीत करून धान्य द्यायचं. त्याला हवं होतं तेच. त्याचीही मान मोकळी झाली.

कार्डावरची मुंबई

पुढची अडचण ठशाची नव्हती, आणि इथे ती सर्वांत जास्त अडखळली.

त्याच वर्षी कार्डावरच्या प्रत्येकाने ई-केवायसी, म्हणजे आधारवरून स्वतःची ओळख पटवून द्यायची होती. मुदत वाढत गेली, पण न केलेल्यांचं धान्य बंद होणार हे स्पष्ट होतं. मुंबईतल्या मुलांना तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात ते करता येत होतं, चेहरा दाखवून मोबाइलवरही करता येत होतं. काहींनी केलं. काहींनी ‘गणपतीत येऊ तेव्हा बघू’ म्हटलं. तेव्हा तिने एक सरळ विचार मांडला: जे गावात राहत नाहीत त्यांची नावं कमी करून टाकू, मग आईचं कार्ड स्वच्छ होईल, तिच्या एकटीच्या उत्पन्नावर कदाचित अंत्योदयसाठीही विचार होईल.

बायका बिथरल्या. “नाव काढूचा नाय. माझो झील हयलोच,” माझा मुलगा इथलाच, असं एकीने सांगितलं आणि पुढचे काही दिवस ती बाई मुलीशी बोललीच नाही. कार्डावरून नाव गेलं म्हणजे घरातला, आंब्याच्या कलमांतला हिस्सा गेला, असं गावात पक्कं समजतात. कायद्याने रेशनकार्डाचा मालकीशी संबंध नाही. सातबारा वेगळा, घरपट्टीचा उतारा वेगळा. पण चुलत्यांशी वाद असलेल्या घरात म्हाताऱ्या आईला असं सांगून पटत नाही. तिच्या लेखी ते कार्ड म्हणजे झील अजून या घरचा आहे याचा एकमेव सरकारी पुरावा.

मी तिला म्हटलं, हा निर्णय तुझा नाही. नाव ठेवल्याने काय होतं, काढल्याने काय होतं, दोन्ही समजावून सांग आणि थांब. तिने तेच केलं. एकीने स्वतः मुलाला फोन लावला आणि नावं कमी करून घेतली. बाकीच्यांनी ठेवली. त्यांच्या वाट्याचे 5 किलो त्यांना मिळतात, मुलांच्या नावचं थांबलं. हक्क मिळवून देणं आणि कुणाच्या घरचा निर्णय आपण घेणं यांतलं अंतर तिला इथे कळलं. तालुक्याच्या फेऱ्यांतून ते कळलं नसतं.

एका आजीचं काम अजून झालेलं नाही. तिचे यजमान लालबागच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ती दोघं गावी परतली, नाव मात्र मुंबईच्या कार्डावर राहिलं. आज ते कार्ड मुलाकडे आहे, केशरी, त्यावर प्राधान्याचं धान्य मिळत नाही. म्हणजे कुठूनही धान्य उचलता येण्याच्या नव्या सोयीचाही तिला उपयोग नाही. तिकडच्या शिधावाटप कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इथे नवं कार्ड, आणि मग प्राधान्य यादीत जागा. त्या जागेला इष्टांक म्हणतात. सबंध राज्याचा इष्टांक 7 कोटी 16 हजार लोकांवर ठरलेला आहे, तोही 2011 च्या जनगणनेच्या आधारावर. तालुक्यात कुणाचं नाव कमी होईल तेव्हा आजीचा नंबर. मुलीने दरम्यान तिचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला. वय 65 च्या वर, वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत, त्याचा तहसीलचा दाखला. महिना 1500 रुपये सुरू झाले. आजी त्यातून तांदूळ विकत घेते. मला हे पुरेसं वाटत नाही, मुलीलाही वाटत नाही. दाखल्यासाठी मुंबईतल्या मुलाच्या मागे ती अजून लागलेली आहे.

पैसे

सहा महिन्यांची मुदत संपताना योजनेला पाच महिन्यांची वाढ मिळाली. ती मिळाली नसती तर हे प्रकरण निवेदनाच्या फोटोवरच संपलं असतं. महिना 10 हजार ही रक्कम मोठी नाही, पण तेवढ्यावर घरात तिच्या या ‘फिरण्याला’ कुणी नाव ठेवलं नाही. तरुणांनी सेवाभावाने काम करावं असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हा भाग लक्षात घ्यावा. ज्या मुलीच्या आईची बोटं काजूच्या तेलाने सोललेली आहेत, तिच्याकडून फुकट काम मागण्याचा अधिकार कुणालाही नाही.

अकरा महिने संपले आणि आईने विषय काढला. गोव्याच्या कंपनीत पॅकिंगला जागा होती, भावाने बोलून ठेवलं होतं. ती गेली असती तर मी तिला अडवलं नसतं. दोन आठवडे ती गेलीही नाही आणि नाही असंही म्हणाली नाही. त्या दोन आठवड्यांत बायकांनीच हालचाल केली. गावात उमेद या सरकारी अभियानाचे बायकांचे बचत गट आहेत, त्या सगळ्यांचा मिळून ग्रामसंघ आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत काकीने विषय मांडला की या चेडवाक काहीतरी देवक होया. चर्चा बरीच झाली. एकीने आक्षेप घेतला की हिला दिलं तर उद्या दुसरी मागेल. शेवटी ठरलं की आठवड्यातून दोन सकाळी तिने ग्रामसंघाच्या खोलीत बसायचं, कुणाचंही कार्ड, पेन्शन, दाखला असेल तो बघायचा, आणि ग्रामसंघाने तिला ठरावीक मानधन द्यायचं. रक्कम पूर्वीच्या विद्यावेतनापेक्षा बरीच कमी आहे.

उरलेले दिवस ती तालुक्याच्या एका सेवा केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरते, तिथे कामाप्रमाणे पैसे मिळतात. इथे एक अडचण आहे आणि ती आम्ही उघडपणे बोललो आहोत. सेवा केंद्रावर जो अर्ज भरायचे पैसे घेतले जातात तोच अर्ज ती ग्रामसंघाच्या खोलीत फुकट भरून देते. केंद्रचालकाला ते आवडत नाही. तिने त्याच्याशी सरळ बोलून घेतलं: गावच्या माणसांचं ती तिथे भरणार नाही आणि केंद्रावर आलेल्याला ‘माझ्याकडे ये’ असंही म्हणणार नाही. ही तडजोड किती टिकेल सांगता येत नाही.

अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे धान्य न मिळालेल्या महिन्यांचा भत्ता मागता येतो. काकीच्या त्या दोन महिन्यांसाठी तिने जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला आहे. निकाल आलेला नाही. रक्कम किरकोळच असेल. काकीने तर ते महिने कधीच सोडून दिले होते. पाठपुरावा मुलगी करते आहे, कारण एकदा असा भत्ता मिळाला की पुढच्या वेळी दुकानदार ठसा न जुळलेल्या बाईला परत पाठवण्याआधी वहीत नोंद करील, असा तिचा हिशेब आहे. मला तो बरोबर वाटतो.

माझ्या प्रशिक्षणात या प्रकरणामुळे एक बदल झाला. पूर्वी नव्या मुलांना मी पहिल्या महिन्यात गावाचं सर्वेक्षण करायला लावायचो. आता प्रत्येकाला एकच माणूस आणि त्याचं एकच अडलेलं काम देतो, आणि ते पुरं होईपर्यंतचं मानधन आधी जमवून ठेवतो. त्यामुळे तुकडी लहान झाली आहे. या हंगामाच्या तुकडीत तीनच मुलं आहेत, आणि त्यांतल्या एकीला आजीच्या मुंबईच्या दाखल्याचं काम दिलं आहे. तिचा मामा भायखळ्याला राहतो, म्हणून उतरायची सोय आहे.